दोन हात मावतील एवढं कॅबिनेट

आमचा पहिला कॉम्प्युटर केवढा होता असं कुणी विचारलं, तर मी जमिनीपासून कमरेपर्यंत हात नेऊन दाखवते आणि समोरचा हसतो. त्याला वाटतं, वय झालं की माणसाच्या आठवणीत जुन्या वस्तू मोठ्या होत जातात. होतातही. परवा आमच्या शाळेचं मैदान पाहिलं, तर चार रिक्षा लावल्या की भरेल एवढंच निघालं. पण त्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मी तसूभरही वाढवून सांगत नाही, कारण त्याचं कॅबिनेट आजही माझ्या खोलीत उभं आहे आणि पाहुण्यांच्या पायांना लागतं. जाड पत्र्याचं, कारखान्यातल्या मशीनला असतो तसल्या हिरव्या रंगाचं, दोन्ही बाजूंना बिजागरीची दारं असलेलं. बाजारात तयार कॅबिनेटं मिळत असताना माझ्या वडिलांनी ते घरी, स्वतःच्या हातांनी बनवलं.

आम्ही तेव्हा बोपोडीत राहायचो. दोन खोल्या, मागे चिंचोळी गॅलरी आणि गॅलरीखाली रेल्वेची लाइन. लोणावळ्याकडे जाणारी गाडी आली की फळीवरची पातेली एकमेकांना लागून किणकिणायची आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मधेच थांबायचा. गाडी गेली की वाक्य पुढे सुरू. आमच्या घरात कुणाला घाईघाईनं बोलायची सवय लागली नाही, ती त्यामुळेच असावी. पहाटे नदीपलीकडच्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा व्हायचा. त्या भोंग्याला माझे वडील, म्हणजे अण्णा, उठायचे, आई चूल नाही तरी स्टोव्ह पेटवायची, आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. डब्यात दोन भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. बुद्धाच्या तसबिरीपुढे क्षणभर हात जोडून अण्णा सायकल काढायचे, आणि साखळीचा करकर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

अण्णा पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून केसाच्या जाडीएवढ्या फरकात आणणं हे त्यांचं काम; अशा तुकड्याला ते जॉब म्हणत. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. घरातला पाट डुगडुगला तर त्यांना जेवण जात नसे. ताट बाजूला सारून आधी पाटाखाली पट्टी ठोकायची, मग घास. "जॉबनं बुडावर नीट टेकलं पाहिजे. जे टेकत नाही ते टिकत नाही," असं ते म्हणायचे. आई यावर, "आधी भात खा, तो गार होऊन टेकलाय," असं म्हणायची.

त्यांच्या टूलरूममधला एक रिवाज आमच्या घरातही आला होता. तयार झालेला जॉब तपासणीत नापास झाला, तर त्याला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर कारण लिहायचं आणि खाली सही करायची. कारण लिहिल्याशिवाय कुणालाही जॉब फेकता यायचा नाही, साहेबालासुद्धा. अशा कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा अण्णांच्या हत्यारांच्या पेटीत असायचा. आईची भाकरी करपली की तिच्यावर एक चिठ्ठी येऊन पडे: "कारण?" आई महापालिकेच्या बालवाडीत शिकवायची, तिचं अक्षर मोत्यासारखं. ती शांतपणे लिहायची, "शेजारीण बोलत बसली," आणि सही करायची. मी सातवीत गणितात जेमतेम पास झाले, तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकाला त्यांनी तारेनं लाल चिठ्ठी बांधली होती. ते मला ओरडले नाहीत. पेन पुढे केलं आणि उभे राहिले. मी "अभ्यास केला नाही" असं लिहिलं, तेव्हा कुठे ते जेवायला बसले.

मग कारखान्यात परदेशी मशीनं आली. काचेच्या दाराची. कॉम्प्युटरवर आकडे भरायचे, दार लावायचं, आत पाणी उडतं आणि जॉब तयार होऊन बाहेर येतो. अण्णा कौतुकानं बघायला गेले तर दारावर पाटी होती: "हात लावू नये." हे त्यांनी घरी येऊन आम्हाला हसत सांगितलं. नंतरच्या वर्षी त्यांना आणि त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांना ऑफिसात बोलावलं गेलं. साहेबानं चहा मागवला, समोर स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. अण्णांनी विचारलं, "माझ्या कामात काही खोट आहे का?" साहेब म्हणाले, "छे छे, तसं काहीच नाही हो. पॉलिसी आहे." चहा चांगला होता, असं अण्णा म्हणाले. त्यापलीकडे त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत.

त्यानंतरचे आठ महिने आमच्या घरातले सगळ्यात शांत महिने होते. अण्णा भोंग्याला उठायचेच. दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे, अगदी टेंडरच्या जाहिरातीसकट. हत्यारांची पेटी कॉटखाली सरकवलेली होती. तिच्यावर आईनं जुनी चादर घातली, तरी ते काही बोलले नाहीत. पाट पुन्हा डुगडुगायला लागला, आणि ते डुगडुगत्या पाटावर बसून जेवायला लागले. मला वाटतं, आई घाबरली ती त्या दिवशी. मी भांडी घासत होते, ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सुजा, त्यांचे हात नुसते मांडीवर पडलेले असतात गं. मला बघवत नाही. काहीतरी काम काढ त्यांच्यासाठी."

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. त्या काळात पुण्यात दर दुसऱ्या जिन्यावर असा एक क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, पडदा सारून थंडगार खोलीत जायचं, आणि मशीनसमोर देवघरात बसावं तसं बसायचं. मला मात्र ते उघडून बघायचं होतं. पगारातून मागे टाकून एकेक भाग घ्यायचा आणि स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, असं मी ठरवलं होतं. भाग घ्यायला मी बुधवार पेठेत मोघ्यांच्या दुकानी जायची. मोघे पन्नाशीचे, सुपारी चघळत बोलणारे गृहस्थ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या मागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं. "भाऊ येतायत का मागून?" मी म्हटलं, "भाऊ नाही. मीच आहे." "बरं," ते म्हणाले, "मग विचारा. ऐकायला पैसे घेत नाही मी."

आईनं काम काढायला सांगितलं आणि मला कॅबिनेट सुचलं. क्लासमध्ये एक मोडकं कॅबिनेट पडलं होतं, ते मी उचलून घरी आणलं आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "असा पत्र्याचा डबा करता येईल का तुम्हाला?" त्यांनी पेपर खाली ठेवला. डबा उलटासुलटा केला, चिमटीत पत्रा धरून दाबला. तो वाकला. मग त्यांनी आत हात घातला. आत इतकी दाटी होती, की बाहेर काढताना त्यांच्या बोटाच्या पेरावरची साल निघाली. रक्ताकडे न बघता ते म्हणाले, "हे बनवणाऱ्यानं कधी दुरुस्ती केलेली दिसत नाही. ह्यात हात कुठं जातो? आणि ज्यात हात जात नाही, ते मशीन आपलं कसं म्हणायचं?" मी डबा त्यांच्या पुढ्यात तसाच सोडून आत गेले. बोलले असते तर बिघडलं असतं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर मला कॉटखालून पेटी ओढल्याचा आवाज आला आणि मी पांघरुणात अक्षरशः रडले.

पुढचे पंधरा-वीस दिवस गॅलरीत कानशीचा आवाज चालू होता. दापोडीत त्यांच्या एका जुन्या मित्राचं वर्कशॉप होतं, तिथून ते पत्रा वाकवून आणत. घरी आल्यावर गुण्या लावून कोपरे बघत, आणि पुन्हा घासत. मी क्लासमधून आले की मला मापं विचारत. पंखा केवढा? वायरी कुठून जाणार? उद्या आणखी काही बसवायचं झालं तर? मी सांगितलेल्या प्रत्येक मापात ते चार बोटं मिळवायचे. "तुझा हात जाईल एवढी जागा, अधिक माझा हात. एकानं धरायचं, एकानं आवळायचं. दोन हात मावलेच पाहिजेत." अशानं डबा वाढत वाढत कमरेला आला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातून वाकून विचारलं, "काय मंडळी, कोंबड्या पाळताय का?" आईला डबा रंगवून उभा केलेला दाखवला, मी आत वीतभर मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, आणि पंखा धरला, तर ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या हॉलात दोनच पाहुणे आलेत की गं!" अण्णा इतके हसले, की खाली गाडी गेलेली आम्हाला कळली नाही. आठ महिन्यांनंतरचं ते पहिलं हसू होतं.

भाग बसवायला आम्ही दोघं बसलो. आतली प्लेट अण्णांनी सरकवून बाहेर काढता येईल अशी केली होती. मी त्या प्लेटवर आधी सहा पितळी खुंट बसवले. पेरभर उंचीचे, मोघ्यांनी बोर्डाबरोबर पुडीत बांधून दिलेले. बोर्ड त्या खुंटांवर बसवला, स्क्रू आवळले. त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोर्डाच्या पाठीला शिशाचा डाग देऊन जोडलेली शेकडो उघडी टोकं असतात आणि त्यांच्यातून वीज खेळते. ती टोकं पत्र्याला लागली तर संपलं. म्हणून बोर्ड पत्र्यापासून वर, अधांतरी धरायचा असतो. हे मला इतकं सवयीचं होतं, की मी ते अण्णांना सांगितलंच नाही. त्यांनी फक्त एकदा बोटानं बोर्डाची कड दाबून बघितली. ती किंचित लवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती मी पाहिली आणि विसरले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी रिक्षानं मॉनिटर आणायला मोघ्यांकडे गेले. परत आले तर घरात तुपाचा वास. आईनं शिरा केला होता, वर बेदाणे. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार, कॅबिनेटची दारं बंद, वरचे काका-काकू पाहुण्यासारखे कॉटवर बसलेले. अण्णा म्हणाले, "बटण तुझी आई दाबेल." आईनं पदराला हात पुसले आणि बटण दाबलं. आतून 'टक' असा बारीक आवाज आला, मग जळका वास. पडदा काळाच राहिला. आई पटकन मागे सरली, जणू तिच्याच बोटानं काहीतरी केलं होतं. वरचे काका घसा साफ करून म्हणाले, "असतं हो, नवीन वस्तू आहे," आणि शिरा न खाताच गेले.

मी दार उघडून आत वाकले. बोर्ड प्लेटवर सपाट बसलेला होता. खुंट नव्हते. मी मॉनिटर आणायला गेले असताना अण्णांनी ते काढले होते, कारण त्यांच्या नजरेला बोर्ड टेकत नव्हता. आणि नुसते काढले नव्हते. बोर्ड खाली आला की त्यात खोचलेली कार्डं कॅबिनेटच्या मागच्या भोकांना जुळणार नाहीत, म्हणून त्यांनी अख्खी प्लेटच तेवढीच वर घेतली होती, खाली मोजून चकत्या भरून. बोर्डाच्या पाठीची जी टोकं लांब होती ती कापून सारखी केली होती. चूकसुद्धा त्यांनी केसाच्या जाडीएवढ्या मापात केली होती. सहा खुंट खिडकीत बामच्या रिकाम्या डबीत ओळीनं उभे करून ठेवलेले होते, पुसून.

"कुठं चुकलं गं?" त्यांनी मागून विचारलं. त्यांचा आवाज पुन्हा त्या आठ महिन्यांतला झाला होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात आईनं माझा दंड धरला. तिला काय घडलंय ते कळलं नव्हतं, पण माझा चेहरा कळला होता. तिनं मान किंचित हलवली. नको. आणि मी म्हटलं, "बोर्डच खराब आला असेल, अण्णा. मोघ्यांकडून बदलून आणते." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "तरीच," ते म्हणाले, "हल्लीचा माल." मग आम्ही तिघांनी बसून शिरा खाल्ला. गोड होता.

मोघ्यांनी तो बोर्ड उजेडात धरला, उलटा केला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाठीची हजामत कोणी केली?"

"मी."

"आपलं शिक्षण?"

"डिप्लोमा. इलेक्ट्रॉनिक्स."

"कॉलेजचं नाव नका सांगू. उगाच त्यांची बदनामी." मग त्यांनी दुसरा बोर्ड काढून पुडीत गुंडाळला. अर्थात विकत, बदलून नाही. पुडीत खुंट टाकताना एकेक मोजून काउंटरवर आपटत म्हणाले, "हे शोभेला देत नाही मी." माझे कान लाल झाले. पण खरं सांगते, मला त्यात थोडा अभिमानही वाटला. वडिलांसाठी अपमान गिळणारी मुलगी, असं काहीतरी मी मनात स्वतःबद्दल म्हणून घेतलं. आज त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

अण्णा मंडईत गेले असताना मी प्लेट पुन्हा खाली घेतली, खुंट लावले, नवा बोर्ड बसवला आणि दारं बंद केली. संध्याकाळी आईनं बटण दाबलं, ह्या वेळी डोळे मिटून. पडद्यावर अक्षरं आली. ते दोन आठवडे आमच्या घरात सण होता. आईनं बालवाडीची गाणी एका बोटानं टाइप केली. अण्णांना चित्र काढायचा प्रोग्राम आवडला. त्यात त्यांनी कॅबिनेटचं ड्रॉइंग काढायला घेतलं, समोरून, बाजूनं, वरून. वर्तुळ एका झटक्यात निघतं हे पाहून म्हणाले, "पंचवीस वर्षं कंपास धरला मी!" त्यात तक्रार नव्हती. दापोडीच्या मित्राला त्यांनी मुद्दाम बोलावून आणलं, दार उघडून हात आत घालून दाखवला. जोडीला माझाही घालायला लावला. मला वाटलं, जमलं. आपलं खोटं पचलं.

मग एका रविवारी मी क्लासचा जादा तास घेऊन दुपारी घरी आले. दोन्ही दारं सताड उघडी होती आणि जवळ सायकलचा पंप पडला होता. आतली धूळ उडवावी म्हणून अण्णांनी कॅबिनेट उघडलं होतं, आणि उघडल्यावर त्यांच्या नजरेला पडलं, की बोर्ड पुन्हा अधांतरी आहे. पोरीच्या हातून पुन्हा राहिलं, म्हणून त्यांनी मोठ्या मनानं ते नीट करून टाकलं होतं. प्लेट वर, चकत्या खाली, बोर्ड सपाट. बामची डबी खिडकीत. शेवटचा स्क्रू आवळून त्यांचा हात बटणाकडे निघालेला मी दारातून पाहिला, आणि ओरडले, "हात लावू नका!"

त्यांचा हात हवेत तसाच राहिला. खालून गाडी गेली, पातेली वाजली, आणि गाडी गेल्यावरही कुणी बोललं नाही. मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं. काचेच्या दारावरचे शब्द होते ते.

"का?" अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी प्लग काढला, बोर्ड सोडवला, उलटा करून त्यांच्या हातात दिला. पाठीवरची टोकं दाखवली. दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की वाजणारा मीटर आणला, त्याची एक पिन एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला लावली. मीटर गप्प. मग बोर्ड प्लेटवर सपाट ठेवून त्याच टोकांना वरच्या बाजूनं पिना लावल्या. मीटर किंचाळला. अण्णांनी माझ्या हातातून पिना घेतल्या आणि स्वतः लावून पाहिल्या. चार ठिकाणी लावल्या. चारही ठिकाणी तो ओरडला. मग त्यांनी खुंटांवर बोर्ड ठेवून पुन्हा लावल्या.

"म्हणजे ह्याला टेकू द्यायचंच नसतं."

"नाही."

"मग पहिला बोर्ड?"

मी खिडकीतल्या बामच्या डबीकडे पाहिलं.

"मी मारला," ते म्हणाले.

"हो."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "मीच तिला म्हणाले, सांगू नकोस," ती म्हणाली. "कुठे आता जरा हात चालायला लागले होते तुमचे, अहो, म्हणून..."

अण्णांनी पिना खाली ठेवल्या. माझ्या उभ्या आयुष्यात ते माझ्याशी एवढ्या हळू आवाजात कधी बोलले नाहीत. "सुजा, माझा जॉब नापास झाला. होतो. पंचवीस वर्षांत कितीदा झाला असेल. पण दर वेळी कारण कळलं, म्हणून पुढचा जॉब पास झाला. तू मला कारण सांगितलंच नाहीस. गुपचूप मागून नीट करून टाकलंस. म्हणजे ह्या माणसाला आता सांगून उपयोग नाही, असंच ना? त्यांनी चहा पाजला, तुम्ही शिरा खायला घातलात."

एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला तेव्हा जी लाज वाटली, तशी पुन्हा कधी वाटली नाही. त्यांना सांभाळतेय असं मी समजत होते, आणि मी त्यांना दुसऱ्यांदा कामावरून काढलं होतं. पुढे मी मोठ्या कंपन्यांत कामं केली, माझ्या हाताखाली माणसं आली, आणि एकदा मंदीत त्यातली काही कमी करायची पाळी आली. वरून निरोप होता, जास्त बोलू नका, पॉलिसी म्हणा. मी एकेकाला समोर बसवून खरं कारण सांगितलं. त्यात एक जण माझ्यावर इतका चिडला, की आजही दिसला तर रस्ता बदलतो. चालेल. चहा मात्र मी कुणाला विचारला नाही.

थोड्या वेळानं अण्णा आत आले. पेटी उघडून त्यांनी तळाचा गठ्ठा काढला आणि एक लाल चिठ्ठी ओढली. जमिनीवर मांडी घालून, गुडघ्यावर चिठ्ठी धरून, कारखान्यात लिहीत तसं ठळक लिहिलं: "जॉब: बोर्ड. नापास. कारण: पितळी खुंट काढले." खाली सही केली. ती सही आठ-नऊ महिन्यांत मी पाहिली नव्हती. शेवटची त्यांनी साहेबाच्या कागदावर केलेली. मग त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं: "जॉब: फिटर. नापास केला. कारण लिहिलं नाही." आणि पेन माझ्यापुढे धरून थांबले, अगदी सातवीतल्यासारखे.

मी सही केली. ती वाकडी आली. मी पेन परत देऊ लागले तर ते म्हणाले, "माझ्याकडे काय देतेस? तपासणी करणाऱ्या दोघी होत्या." आईनं पदरानं डोळे पुसले, पेन घेतलं आणि तिच्या बालवाडीच्या सुबक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, वर 'सौ.' लावून.

नंतर बोर्ड आम्ही दोघांनी मिळून बसवला. मी धरला, त्यांनी खुंटांवर स्क्रू आवळले. त्यांचा हात आणि माझा हात आत शेजारी शेजारी, आणि तरी जागा उरली. सगळं झाल्यावर चिठ्ठी आतल्या पट्टीला बांधायची म्हणून त्यांनी सवयीनं पेटीतला तारेचा तुकडा घेतला आणि चिठ्ठीच्या भोकातून ओवला. आत वाकले. वाकलेलेच थांबले. बोर्डाकडे पाहिलं, हातातल्या तारेकडे पाहिलं. मग तार काढून पेटीत ठेवून दिली आणि मागे न बघता आईला म्हणाले, "शिवणाचा दोरा दे गं जरा. इथं तार चालत नाही."